डिसेंबरची सुट्टी आणि बंद पडणारा तबला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही न्यू जर्सीत घरच्या घरी तबल्याचा वर्ग सुरू केलात. 7 ते 17 वयाची 14 मुलं आहेत. गेल्या डिसेंबरात त्यातली 9 भारतात गेली, बाकीची इथेच होती. जानेवारीत 10 परत आली, 4 आलीच नाहीत आणि आलेल्यांचाही हात दोन महिने मागे गेलेला दिसला. यंदा तसं होऊ नये म्हणून रोजच्या रियाजाचा तक्ता द्यावा का, त्यावर पालकांची सही घ्यावी का आणि सुट्टी संपल्यावर लगेच छोटी परीक्षा ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही करू नका. मी गेली 22 वर्षं न्यू जर्सीतल्याच एडिसनच्या आसपास तबला शिकवते आणि सुरुवातीच्या काळात हे तिन्ही करून बसले आहे. तक्ता छापला होता: तारीख, किती मिनिटं, काय वाजवलं, आईची किंवा बाबांची सही. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी तक्ते परत आले. बहुतेकांवर सगळ्या सह्या एकाच पेनाने, एका दमात केलेल्या दिसत होत्या. मुलं माझ्याकडे बघत नव्हती. मी माझ्या वर्गातल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना खोटं लिहायला लावलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि एक दहा वर्षांचा मुलगा आलाच नाही. फार गोड हात होता त्याचा. तिरकिट हा बोल इतका सुटा निघायचा की मी मोठ्या मुलांना त्याचं ऐकायला लावायची. मला वाटलं, आजारी असेल. तीन-चार आठवडे गेले तेव्हा मी त्याच्या आईला फोन केला. ती म्हणाली, "ताई, त्याला तबला आवडतो हो. पण सुट्टीत एकदाही बसला नाही ना, आता तुमच्यासमोर यायची लाज वाटते त्याला. दर शनिवारी म्हणतो, पुढच्या वेळी जातो." तो परत आला नाही.

त्या फोननंतर मी सुट्टीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. आळशीपणामुळे मूल गळालंय असं फार क्वचित होतं. बारा दिवस तबल्याला हात लागला नाही, तेराव्या दिवशी बसावं तर वाजत नाही, आता काकूंना काय सांगू, या विचारात आणखी चार दिवस जातात आणि मग वर्गाचं दारच नकोसं होतं. तुमची जी चार मुलं आली नाहीत त्यांच्या बाबतीत काय झालं मला माहीत नाही, पण एकदा विचारून बघा. म्हणून सुट्टीआधी, सुट्टीत आणि सुट्टीनंतर मी जे काही करते ते एवढ्यासाठी, की जानेवारीत प्रत्येक मुलाला मान खाली न घालता आत येता यावं. परत आलेल्या मुलाचा हात मी सुधारू शकते. न आलेल्या मुलाचं मी काहीच करू शकत नाही.

हात किती मागे जातो, तेही सांगते, कारण त्याची भीती उगाच मोठी आहे. महिनाभराच्या खंडात पहिल्यांदा जाते ती तयारी, म्हणजे लय. सुट्टीआधी मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत स्वच्छ निघणारा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, जानेवारीत 70ला अडखळतो. त्यानंतर डग्ग्याचं वजन आणि घिस्सा, म्हणजे मनगट घासून काढलेला घुमारा, बिघडतो, कारण मनगटाची सवय मोडते. बोलांचा निकास, म्हणजे बोल काढण्याची पद्धत, मात्र बराच टिकतो, हात मुळात नीट बसलेला असेल तर. आणि तोंडात बोल पक्के असतील तर पाठांतर जवळजवळ जातच नाही. या सगळ्याची भरपाई दोन, फार तर तीन आठवड्यांत होते. तुमच्या मुलांचा हात दोन महिने मागे गेला असं तुम्हाला वाटलं, त्यातला बराच भाग सुट्टीआधी अर्धवट शिकवलेल्या गोष्टींचा असणार. अर्धवट शिकलेलं सगळ्यात लवकर पुसलं जातं.

यावरून पहिला नियम: थँक्सगिव्हिंगनंतर नवा कायदा सुरू करू नका. शाळेची सुट्टी कॅलेंडरवर दहा दिवसांची दिसते, पण आपल्या वर्गाची सुट्टी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीच सुरू होते. त्या आठवड्यात अर्धा वर्ग पाहुण्यांकडे. मग शाळेचा हिवाळी कार्यक्रम येतो, त्यात आपल्यातली निम्मी मुलं व्हायोलिन नाहीतर क्लॅरिनेट धरून बसलेली असतात आणि त्यांच्या तालमी शनिवारीसुद्धा असतात. 15 डिसेंबरपासून विमानं भरायला लागतात, कारण 20 तारखेनंतर तिकीट परवडत नाही. परत येतात ती जानेवारीच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या आठवड्यात, आणि पुढचे चार दिवस मुलं संध्याकाळी सहालाच पेंगतात. मोजून बघा, सहा ते सात आठवडे होतात. तेव्हा सुट्टीची तयारी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच करावी लागते. तुम्ही आत्ता विचारलंत हे बरं झालं.

नोव्हेंबरात मी प्रत्येकाकडून एक छोटी गोष्ट पक्की करून घेते. आम्ही तिला "दोन मिनिटांची बैठक" म्हणतो. ठेका म्हणजे तालाचे मूळ बोल, एक कायदा, दोन पलटे म्हणजे त्याच कायद्याचे बोल फिरवून केलेले प्रकार, आणि एक तिहाई म्हणजे तीनदा वाजवून समेवर, पहिल्या मात्रेवर, येणारा तुकडा, बस. लहान मुलाला दिल्लीचा साधा कायदा पुरतो: धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना. त्याचा पहिला पलटा, धा धा ति ट धा धा ति ट, धा धा ति ट धा धा तू ना आणि मग त्याची खाली, म्हणजे डग्ग्याचा घुमारा काढून तेच. सोळा वर्षांच्या मुलाला अर्थात याहून मोठं द्यायचं, पण मोजमाप तेच: सुरुवात आहे, शेवट आहे आणि झोपेतून उठवलं तरी वाजवता येईल इतकं पक्कं आहे. सुट्टीत रोज हे एकदा वाजवायचं, हीच अपेक्षा. अर्धा तास नाही, एकदा. ज्या मुलाला पुढे बसावंसं वाटेल ते बसेल, बरीच बसतात. न बसणाऱ्यांचीही दोन मिनिटं झालेली असतात, आणि दोन मिनिटं केलेलं मूल जानेवारीत वर मान करून येतं.

कधी वाजवायचं हेही ठरवून द्या. "रोज वेळ मिळेल तेव्हा" म्हणजे कधीच नाही. संध्याकाळच्या जेवणाचं ताट वाढण्याआधी, असं काहीतरी जे आत्याच्या घरीही घडतं आणि मामाच्या घरीही.

आता भारतात जाणाऱ्या मुलांची खरी अडचण: त्यांच्याजवळ तबलाच नसतो. तांब्याचा डग्गा, शिसमाचा तबला, पिशवी, गाद्या मिळून आठ-नऊ किलो सहज होतात, आणि विमानातल्या 23 किलोच्या बॅगेत आई चॉकलेटं आणि मुलांचे बूट नेणार की तबला? मी कोणालाही तबला न्यायला सांगत नाही. पढंत सांगते, म्हणजे हातावर ताल देत बोल तोंडाने म्हणणं.

पढंत म्हणजे तबला नसल्यावर करायची तडजोड, असं पालकांना वाटतं. त्यांचा हा गैरसमज तुम्ही आधी काढायला हवा. सांगलीला माझ्या गुरुजींनी मला पहिला महिनाभर तबल्याला हात लावू दिला नव्हता. समोर बसायचं, हातावर टाळी-खाली द्यायची आणि सोळा मात्रांचा तीनताल म्हणायचा. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे टाळी न देता रिकामा हात. संध्याकाळी वीज जायची आणि आम्ही पाच-सहा जण अंधारात म्हणत बसायचो. आजही एखादा कायदा अडला की मी तो आधी तोंडाने म्हणते. जे तोंडातून सुटं निघत नाही ते बोटांतून निघत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल. हातावर ताल बरोबरीचा ठेवून तोंडाने कायदा दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायचा, आणि टाळी हलू द्यायची नाही, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही चांगलंच कठीण जातं. हे काम मी भारतात जाणाऱ्यांना देते. मुंबई विमानतळावरून पुण्याला जाताना घाटात गाडी अडकली की तीन वेळा म्हणायचं. मुलं खरंच म्हणतात. परत आल्यावर त्यांची आईच सांगते की मागच्या सीटवर धाधा तिट चाललं होतं आणि ड्रायव्हर विचारत होता, हे काय आहे म्हणून.

ज्यांना गणित आवडतं, आणि आपल्याकडे अशी मुलं बरीच आहेत, त्यांना मी तिहाईचं कोडं देते. नेवार्कहून मुंबईला जाताना विमानात वेळच वेळ असतो. कागद-पेन्सिल असली की पुरे. कोडं असं: तीनतालात समेवरून उठायचं आणि पुढच्या समेवर यायचं. पुढची सम धरून 17 मात्रा. एकच तुकडा तीन वेळा वाजवायचा आणि मध्ये दोन वेळा सारखा दम घ्यायचा. तुकडा किती मात्रांचा, दम किती मात्रांचा? पाचाचा तुकडा आणि एकाचा दम घेतला की 5 आणि 1, 5 आणि 1, 5, बरोबर 17. तिट, कता, गदि, गन, धा असे पाच मात्रांत म्हणा, एक मात्रा थांबा, पुन्हा म्हणा, पुन्हा थांबा, तिसऱ्या वेळचा धा समेवर येऊन पडतो. पण उत्तर एवढंच नाही. तीनचा तुकडा आणि चारचा दम घेऊनही जमतं. एकाच धा-ची तिहाई हवी तर सात मात्रांचा दम. आता झपतालात करून आणा, तिथे पुढची सम धरून 11 मात्रा होतात. रूपकात 8.

एका बारा वर्षांच्या मुलाने परत आल्यावर मला विचारलं, "काकू, तीनतालात समेपासून बेदम तिहाई का बसत नाही?" बेदम म्हणजे मध्ये दम न घेता. मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, "17ला तीनने भाग जात नाही ना. पण तिसऱ्या मात्रेपासून उठलं तर 15 उरतात." आणि त्याने हातावर ताल धरून तिसऱ्या मात्रेपासून तिट कता गदि गन धा न थांबता तीन वेळा म्हणून दाखवलं आणि समेवर आला. त्याने त्या सुट्टीत तबला एकदाही पाहिला नव्हता. जानेवारीच्या त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना तेच हवं होतं. तो आता कॉलेजात आहे आणि अजून वाजवतो. रियाजाचा तक्ता दिला असता तर त्याच्या सगळ्या ओळी कोऱ्या राहिल्या असत्या.

पुण्या-मुंबईच्या घरांमध्ये आणखी एक गोष्ट घडते, तिच्यासाठी पालकांशी आधी बोला. दहा-बारा नातेवाईक जमलेले असतात आणि कोणीतरी म्हणतं, "तबला शिकतोस ना? मग दाखव की वाजवून!" शेजारच्या काकांचा तबला आणला जातो, पुडी, म्हणजे वरचं कातडं, उतरलेली, सूर भलतीकडे. मूल दोन हात मारतं, जमत नाही, सगळे कौतुकाने हसतात आणि मूल त्या हसण्याचा वेगळा अर्थ घेतं. मी पालकांना स्पष्ट सांगते, आधी मुलाला बाजूला घेऊन विचारा, आज वाजवायचंय का. नको म्हणालं तर विषय संपला. हो म्हणालं तर दोन मिनिटांची बैठक आहेच. आणि तबला बरा नसेल तर हातावर ताल देऊन पढंत म्हणावी. पढंत ऐकून आजोबांच्या वयाची माणसं किती खूश होतात, ते मुलांना माहीत नसतं.

आणि कोणाची आजी गात असेल, अगदी देवघरापुरती का होईना, तर ही संधी सोडू नका. माझ्याकडची एक नऊ वर्षांची मुलगी सदाशिव पेठेत आजीकडे गेली होती. जाण्याआधी मी तिला केरवा आणि दादरा, दोनच ठेके पक्के करून दिले होते. आजी रोज सकाळी अभंग म्हणायची. पहिल्या दिवशी हिने मांडीवर केरवा धरला, दुसऱ्या दिवशी आजीने शेजाऱ्यांकडून तबला मागून आणला. तीन आठवडे रोज सकाळी दोघी बसल्या. आजीची लय कधी वर जायची, कधी एखादी ओळ लांबायची, कधी मध्येच दूधवाला यायचा आणि पोरीला ठेका धरून थांबावं लागायचं. साथ करणं हे माझ्या वर्गात मी तिला वर्षभरात शिकवू शकले नव्हते, कारण माझ्याकडे आजी नव्हती. आल्या आल्या तिने मला विचारलं, "भजनी ठेका कधी शिकवणार? आजीने सांगितलंय शिकून ये." पुढच्या मे महिन्यापर्यंत तिला कोणी रियाजाला बस म्हणावं लागलं नाही. तेव्हापासून सुट्टीआधी मी प्रत्येकाला विचारते, तुमच्याकडे कोण गातं? कोणाचे आजोबा पेटी वाजवतात, कोणाची मावशी भजनी मंडळात जाते. त्या माणसाला लागणारा ठेका मुलाला बरोबर देऊन पाठवायचा.

ज्यांना शक्य असेल त्यांना तबला बनवणाऱ्याच्या दुकानातही पाठवा. पुडी बदलून आणायचं निमित्त असतंच. शाईचे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या वर्तुळाचे, थर एकावर एक कसे चढतात, प्रत्येक थर दगडाने किती वेळ घासतात, घासून घासून शाईला बारीक चिरा कशा पडतात आणि त्या चिरांमुळेच ती कातड्याबरोबर कशी हलते, हे ज्याने एकदा पाहिलं ते मूल पुन्हा तबल्यावर पाण्याचा ग्लास ठेवत नाही. मैफलींचं मात्र जरा अवघड असतं. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात असतो, पण आपल्या शाळांना सुट्टी लागेपर्यंत तो बहुतेक वेळा उरकलेला असतो. थोड्या दिवसांनी चुकतो आणि दर वर्षी मला त्याचं वाईट वाटतं. तरी हा मैफलींचाच मोसम आहे. लहान सभा, गावातल्या गायन समाजाचे कार्यक्रम शोधायला सांगा. एक मैफल पुरे. मुलाला एवढंच विचारायचं, तबलजी कधी शांत होता आणि कधी बोलला.

इथे राहणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे तबला आहे, वेळ आहे, आणि तरी वाजवत नाहीत. मला बरीच वर्षं याचं कारण कळत नव्हतं. मग एका डिसेंबरात मी एका मुलीच्या घरी गेले आणि तिचा तबला वाजवून पाहिला. काळी एकच्या सुराचा तबला चढून काळी दोनच्याही पुढे गेला होता, टणटण वाजत होता. डग्गा कोरडा ठक्क. हीटिंग सुरू झालं की घरातली आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते. कातडं सुकून आवळतं, सूर चढतो, चाटेजवळ, म्हणजे पुडीच्या कडेजवळ, कातडं ताणतं आणि कधी शाई तडकते. बिचाऱ्या मुलीला वाटत होतं की तिचाच हात बिघडलाय, म्हणून तबला नीट बोलत नाही. लहान मुलं वाद्याला दोष देत नाहीत, स्वतःलाच देतात.

त्यामुळे नोव्हेंबरात पालकांना या गोष्टी नक्की सांगा. तबला हीटिंगच्या जाळीसमोर ठेवायचा नाही, गॅरेजमध्ये नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच. घराच्या मधल्या भागातल्या कपाटात, पिशवीत, वर कापडी झाकण घालून. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र पंधरा-वीस डॉलरला मिळतं. खोलीत 40 ते 50 टक्के राहिली की तबला सुखात असतो. हवेत ओलावा सोडणारं मशीन खोलीत लावलं तर चांगलंच, पण त्याची वाफ पुडीवर येऊ द्यायची नाही. तीन-चार आठवडे कोणी वाजवणार नसेल तर जाण्याआधी गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, थोडे वर करून ताण कमी करून ठेवायचा. हे काम मुलांनी करायचं नाही, तुम्ही शेवटच्या वर्गात करून द्या.

थंडीत बोटांचंही बघायला हवं. बाहेरून आल्या आल्या, गार बोटांनी मूल ती-ती मारायला जातं आणि तर्जनी दुखावते. कोमट पाण्यात हात धुवायचे, पुसायचे, पाच मिनिटं फक्त ठाय, म्हणजे संथ, लयीत ना आणि धा. बोटांची टोकं फाटत असतील तर खोबरेल रात्री झोपताना. वाजवायच्या आधी लावलं तर पुडीला लागतं.

मोठ्या मुलांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे आणि काही पालकांना ते रुचत नाही. बारावीची मुलं 1 जानेवारीपर्यंत कॉलेजांचे अर्ज भरत असतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत निबंध लिहितात. अशा मुलाला मी सांगते, तुझा तबला मी सुट्टीवर पाठवलाय. वाजवावंसं वाटलं तर वाजव, पण मी विचारणार नाही. गेल्या काही वर्षांत अशी सुट्टी दिलेली बहुतेक मुलं जानेवारीत आपणहून आली, कारण अर्ज संपल्यावर त्यांना हात मोकळे सोडायला काहीतरी हवंच असतं. ज्या एका मुलाला मी विशारदची परीक्षा जवळ आली म्हणून त्या महिन्यातही रेटलं, त्याने परीक्षा दिली आणि मग तबला ठेवून दिला. ती चूक माझी.

2024च्या डिसेंबरात तर मला काही सांगावंच लागलं नाही. 15 तारखेला उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्या शनिवारी मी शिकवलं नाही; आम्ही सगळे जमिनीवर बसून त्यांचं एकल वादन ऐकलं. मागच्या रांगेत बसून नेहमी फोन बघणारा एक पंधरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी शेवटपर्यंत हलला नाही. घरी जाताना म्हणाला, "ते पेशकार करत होते ना, ते मला शिकवा." पेशकार म्हणजे एकल वादनाची संथ सुरुवात. सुट्टीत त्याने रोज तेच ऐकलं. अशी वेळ ठरवून आणता येत नाही, पण एक गोष्ट मी त्यातून घेतली. आता दर वर्षी सुट्टीआधीचा शेवटचा वर्ग मी शिकवण्यात घालवत नाही. दिवे मंद करते, एक संपूर्ण एकल वादन लावते, मुलांच्या हातात टाळी-खाली. चाळीस मिनिटं. त्यानंतर लाडू आणि घरी.

बक्षिसं आणि स्टिकर यांवर फार वेळ घालवू नका. अगदी लहानांना मजा वाटते, त्यांना द्या. त्यापुढच्यांना दिलं की ती स्टिकर मोजायला लागतात आणि बोल मोजायचे राहतात. ऑनलाइन वर्गाचंही तेच, सुट्टीत नियमित घेऊ नका. मधल्या आठवड्यात एकदा पंधरा मिनिटं भेटलात तर छान. हिवाळ्यात भारत आपल्या साडेदहा तास पुढे असतो, म्हणजे इथली सकाळची साडेनऊ तिथली रात्री आठ, दोन्हीकडच्यांना जमते. हजेरी घ्यायची नाही. ज्याच्या घरी जो असेल त्याने कॅमेऱ्यासमोर हातावर ताल द्यायचा. आजी-आजोबाही बसतात.

पालकांना मात्र एक वाक्य बदलायला सांगा. "रियाज केलास का?" याचं उत्तर हो किंवा नाही, आणि नाही म्हटलं की मूल गुन्हेगार. त्याऐवजी "मला तुझा कायदा ऐकव ना, मी स्वयंपाक करतेय, इथेच बस." वाजवणाऱ्याला ऐकणारं कोणीतरी हवं असतं, सात वर्षांच्याला आणि सत्तर वर्षांच्यालाही.

आता जानेवारी. पहिल्या वर्गात कोणालाही एकट्याला वाजवायला सांगायचं नाही. सगळ्यांनी मिळून तीनतालाचा ठेका, 60च्या लयीत, लेहऱ्याबरोबर, म्हणजे फिरत राहणाऱ्या धुनेबरोबर, दहा मिनिटं. ज्याने रियाज केलाय त्याचाही हात त्यात आहे आणि ज्याने केला नाही त्याचाही. ठेका सुरू असतानाच खांदे खाली येताना दिसतात. मग गप्पा: कोणी काय ऐकलं, कोणाच्या आजीने काय गायलं, तिहाईचं कोडं कोणी सोडवलं. मग सुट्टीआधी प्रत्येकाची स्वच्छ लय मी वहीत लिहून ठेवलेली असते, त्यातून वीस वजा करून तिथून सुरुवात. "आपण सगळेच वीसने मागून सुरू करतो" असं म्हटलं की कोणी मागे पडलेलं राहत नाही. आणि मी स्वतः सुट्टीत किती वाजवलं, ते खरं सांगते. काही वर्षं फार थोडं असतं.

संक्रांतीच्या जवळच्या शनिवारी आमची छोटी बैठक असते. कार्यक्रम म्हणत नाही, बैठक म्हणते. पालक जमिनीवर, मुलं सतरंजीवर, शेवटी तिळगूळ. नियम एकच: नवं काही वाजवायचं नाही. सुट्टीआधी पक्की केलेली दोन मिनिटंच. 14 मुलं म्हणजे पाऊण तासात संपतं. मुलांना डिसेंबरातच माहीत असतं की संक्रांतीला हे वाजवायचंय आणि ते आपल्याला येतं, त्यामुळे विमानातही थोडं मन त्यात राहतं. कोणी त्या दिवशी नको म्हणालं तर तो इतरांना हातावर ताल देतो. त्यालाही सतरंजीवर जागा असते.

तुमच्या चार मुलांचं राहिलं. ती वर्षभर आली नाहीत म्हणजे कायमची गेली असं धरू नका. दिवाळी नुकतीच झाली आहे, शुभेच्छांच्या निमित्ताने आज-उद्या त्यांच्या घरी फोन करा. पुन्हा वर्गाला या, फी अशी आहे, वेळ अशी आहे, यातलं काही बोलू नका; का आला नाहीत हेही विचारू नका. त्यांचा तबला कुठल्या तरी कपाटात पडून असेल आणि गेल्या हिवाळ्यातल्या हीटिंगने त्याचं काय झालंय कोणी पाहिलं नसेल. मूल फोनवर आलं तर एवढंच म्हणा, शनिवारी तबला घेऊन ये, हातोडी माझ्याकडे आहे, मी सुरात लावून देते.